एक सर्व्हर, बारा टेबले आणि परवान्यांचा हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. त्या दिवशी चंद्रपूरच्या बाजारपेठेतील एकही संगणक बंद पडला नाही. टॅली उघडत राहिली, बिले छापली जात राहिली, ई-वे बिले निघत राहिली. म्हणूनच या तारखेची दखल व्यापाऱ्यांनी फारशी घेतली नाही. दखल घेतली ती संगणक विकणाऱ्यांनी. आता धानाच्या पट्ट्यात, मूल-सिंदेवाहीपासून वडसा-आरमोरीपर्यंत, अनेक पेढ्यांच्या टेबलावर नवी कोटेशने येऊन पडू लागली आहेत. त्यांतील एका प्रकारच्या कोटेशनचा विचार येथे करावयाचा आहे.

उदाहरणादाखल अशी एक पेढी डोळ्यांपुढे आणावी. मूल येथे राईस मिल, चंद्रपुरात धान्य-किराण्याचे घाऊक दुकान, वडशाला गोदाम. मिळून बारा टेबलांवर बारा संगणक. बहुतेक मशीन २०१७ च्या आधीची. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. ही मशीन त्यात बसत नाहीत. जुनीच मशीन चालवून सुरक्षेच्या दुरुस्त्या विकत घेण्याची सोय आहे, परंतु व्यवसायासाठी तिचा दर पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४ असा दरसाल दुपटीने चढतो, आणि तीन वर्षांनंतर तीही बंद होते. दुसऱ्या वर्षी सामील होणाऱ्याला पहिल्या वर्षाचे पैसेही भरावे लागतात. बारा मशीनचे तीन वर्षांचे ५,१२४ डॉलर झाले. डॉलरचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी ९० रुपये धरल्यास कर सोडून ४,६१,१६० रुपये. जुन्या खोक्यांवर एवढा खर्च करण्यास कोणताही शहाणा व्यापारी तयार होणार नाही.

येथेच विक्रेता तिसरी वाट दाखवितो. चंद्रपूरच्या दुकानात एक दमदार सर्व्हर बसवावा, त्याच्या पोटात बारा आभासी संगणक तयार करावेत, आणि जुनी मशीन केवळ पडदा व कळफलक म्हणून वापरावीत. माहिती एका जागी राहील, बॅकअप एकच घ्यावा लागेल, मुनीम वडशाला असो की मूलला, त्याला आपलेच टेबल उघडलेले दिसेल. कोटेशनच्या तळाशी एक ओळ असते: ‘विंडोज लायसन्स – १ नग’. बारा टेबले आणि एक नग, हे वाचून मालक सुखावतो.

कल्पना वाईट नाही, आणि तशी नवीही नाही. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत यंत्रे आली. पुढे अनेक शाखांत युनिक्सवर चालणारा एक मुख्य संगणक मागच्या खोलीत आणि काउंटरवर बिनडोक्याचे टर्मिनल अशी मांडणी झाली. कॅशियर समोरच्या पडद्यावर टंकित करी, काम मागच्या खोलीत होई. त्या काळी त्या पडद्याच्या परवान्याचा विचार काउंटरवरच्या कोणाला शिवलाही नसेल. आज मात्र याच मांडणीत खर्चाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी समजलेला भाग परवान्याचाच असतो.

गैरसमजाचे मूळ सवयीत आहे. व्यापारी संगणकाला वस्तू समजतो आणि वस्तू नगावर मोजतो. दुकानातून घेतलेल्या मशीनबरोबर विंडोज येते; त्या परवान्याला व्यापारी भाषेत ओईएम म्हणतात. तो परवाना त्या मशीनशी बांधलेला असतो. मशीन मोडीत गेले की परवानाही गेला. बारा मशीनवरचे बारा ओईएम परवाने गोळा करून सर्व्हरमधील बारा आभासी संगणकांना लावता येत नाहीत, मग स्टिकर कितीही खरे असोत. टेबलावरच्या मशीनवर अस्सल विंडोज आहे म्हणून तिच्यावरून सर्व्हरमधले विंडोज उघडण्याचा हक्कही आपोआप मिळत नाही. आणि जुन्या मशीनवर फुकटचे लिनक्स टाकून तिला नुसते टर्मिनल केले, तरी पलीकडे विंडोज उघडत असेल तर परवाना लागतोच. आभासी मांडणीत मोजणी बदलते. सर्व्हरच्या पोटात किती संगणक आहेत हे गौण. त्यांच्यापर्यंत किती माणसे किंवा किती मशीन पोहोचतात, हे मोजले जाते.

या मांडणीचे दोन प्रकार असून कोटेशनमध्ये ते बहुधा एकाच नावाखाली येतात. पहिल्या प्रकारात प्रत्येकाला सर्व्हरमध्ये स्वतंत्र विंडोज, म्हणजे खरोखरचा आभासी संगणक मिळतो. अशा वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १ जुलै २०१० पासून ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप ॲक्सेस’ नावाचा वार्षिक परवाना आणला. तेव्हा त्याचा दर मशीनमागे वर्षाला १०० डॉलर होता. पुढे माणसाच्या नावाने घेण्याच्या वर्गण्याही आल्या. जुनाच आकडा हिशेबाला धरला तरी बारा टेबलांचे वर्षाला १,२०० डॉलर, म्हणजे वरच्याच भावाने १,०८,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १९,४४० रुपये. एकूण १,२७,४४० रुपये. पाच वर्षांत ६,३७,२०० रुपये. यात सर्व्हर नाही, त्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर नाही, यूपीएस नाही, आणि मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपुरात त्या खोलीला लागणारे वातानुकूलन नाही. हा खर्च भाड्यासारखा आहे. थांबला की हक्क संपला.

दुसऱ्या प्रकारात सर्व्हरवर एकच विंडोज सर्व्हर प्रणाली असते आणि सारे जण तिच्यातच आपापली खिडकी उघडून बसतात. टॅली चालविणाऱ्या पेढ्यांना बहुतांशी हाच प्रकार पुरतो. येथे परवान्याचे तीन थर आहेत. पहिला सर्व्हरचा: २०१६ पासून तो प्रोसेसरमधील कोअरच्या संख्येवर मोजतात आणि सर्व्हर लहान असला तरी किमान १६ कोअरचे पैसे भरावे लागतात. २०२२ च्या स्टँडर्ड आवृत्तीची १६ कोअरची अमेरिकेतील जाहीर किंमत १,०६९ डॉलर होती. स्टँडर्ड आवृत्तीत त्या एका सर्व्हरवर दोन आभासी सर्व्हर चालविण्याची मुभा मिळते, अधिक नाही. दुसरा थर सर्व्हरशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा मशीनचा, ज्याला ‘कॅल’ म्हणतात. तिसरा थर दुरून पडदा उघडण्याचा, ‘आरडीएस कॅल’. दुसऱ्या थराच्या पैशांत तिसरा येत नाही. कोटेशनमध्ये ‘कॅल’ हा शब्द एकदाच आला असेल तर कोणता थर राहिला, हे विचारलेच पाहिजे. हे कॅल एकदाच विकत घेता येतात, हे या प्रकाराचे मोठे सुख. मात्र ते आवृत्तीला बांधलेले असतात: जुन्या आवृत्तीचे कॅल नव्या सर्व्हरला चालत नाहीत. २०२२ च्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत मिळणार आहेत. खर्च तितक्या वर्षांवर वाटून पाहिला तर पहिल्या प्रकारापेक्षा तो पुष्कळ हलका ठरतो.

कॅल माणसाच्या नावे घ्यावा की मशीनच्या, ही निवड मात्र मालकाने स्वतः करावी. ती विक्रेत्यावर सोडू नये. धानाच्या हंगामात मिलचा वजनकाटा दिवसरात्र चालतो. काट्यावरच्या एकाच संगणकावर पाळीपाळीने तीन कारकून बसतात. तेथे मशीनचा एक कॅल तिघांना पुरतो. माणसाच्या नावे घेतल्यास तीन लागतील. याउलट मालकाचा मुलगा सकाळी दुकानात, दुपारी मिलवर आणि रात्री घरी लॅपटॉपवर हिशेब पाहतो. त्याला माणसाच्या नावाचा एक पुरे. मशीनच्या नावे तीन. एका वेळी सहाच जण काम करतात म्हणून सहा घ्यावेत, ही युक्ती चालत नाही. एका वेळी किती हा निकषच येथे नाही. आणि आणखी एक माणूस मोजणीतून हमखास सुटतो. सीएच्या कार्यालयातील मदतनीस रिटर्न भरताना स्वतःच्या संगणकावरून पेढीच्या सर्व्हरवर येतो. तो पगारी नसला तरी मोजणीत धरावा लागतो.

आता त्या ‘१ नग’चे रहस्य. बाजारात दोन क्लृप्त्या रूढ आहेत. पहिलीत सर्व्हर-प्रणालीसुद्धा घेत नाहीत. साध्या विंडोजच्या एका फाईलमध्ये फेरफार करून एकाच मशीनवर एकाच वेळी अनेकांना आत घेतात. साध्या विंडोजचा परवाना एका वेळी एकाच माणसाला मशीनवर काम करू देतो; त्यामुळे ही सरळ परवान्याची पायमल्ली असून कंपनीची एखादी नवी दुरुस्ती येताच ती फाईल बदलते आणि सर्वांचे पडदे एकदम बंद होतात. मग तंत्रज्ञ दुरुस्त्या येणेच बंद करून टाकतो. दुसरी क्लृप्ती अधिक सभ्य दिसते. सर्व्हर-प्रणाली खरी असते, पण आरडीएस कॅल घेतलेले नसतात. कंपनीने नव्या मांडणीला १२० दिवसांची सवलत दिली आहे, ती संपेपर्यंत सारे सुरळीत चालते. दिवाळीच्या पाडव्याला पूजन करून बसविलेल्या सर्व्हरची ही मुदत फेब्रुवारीत संपते. मार्चअखेरच्या तोंडावर बारा जण बाहेर अडकतात आणि तंत्रज्ञाचा फोन लागत नाही. लागला तर तो येऊन सवलतीची मुदत पुन्हा शून्यापासून सुरू करून जातो व त्याचे पैसे घेतो. हे पैसे कशाचे, हे बिलावर कधीच लिहिलेले नसते.

कायद्याची बाजू लहान आहे, पण टोकदार आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ब आले. संगणक-कार्यक्रमाची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि किमान ५०,००० ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद त्यात आहे. धंद्याखेरीज वापर असल्यास न्यायालय कारावास टाळू शकते. पेढीला ही सवलत मिळणे अवघड. कलम ६९ नुसार ‘कंपनी’ या शब्दात भागीदारी पेढीही येते आणि कारभार पाहणारा भागीदार जबाबदार धरला जातो. आपल्या नकळत घडले, हे सिद्ध करण्याची संधी त्याला आहे. घरोघरी भागीदारीपत्रात सूनबाईंचे आणि आईंचे नाव असते. संगणकवाल्याने काय करून ठेवले आहे याची त्यांना गंधवार्ताही नसते. पण कोटेशनवर सही करणाऱ्याला मात्र नकळत झाले असे म्हणता येणे कठीण, विशेषतः बारा टेबलांसाठी एक नग विकत घेतल्याचे बिल त्याच्याच फाईलमध्ये असताना.

ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या चाव्यांचीही तीच गत. पंचवीस आकडी-अक्षरी चावी लागू पडली म्हणजे परवाना मिळाला असे होत नाही. कोणत्या तरी संस्थेसाठी घेतलेली चावी फोडून विकलेली असण्याचा संभव अधिक. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे आणि खऱ्यात खोटे मिसळून व्यवहार करणे, असे दोन्ही दोष सांगितलेले आहेत. या पानाच्या वाचकांना त्याहून अधिक सांगण्याची गरज नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही असा सौदा फसवा आहे. पेढीच्या नावाचे आणि जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल नसल्याने कराची वजावट मिळत नाही व खर्चाचा पुरावाही उरत नाही.

करांचा विषय निघालाच आहे, तर राईस मिलवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सॉफ्टवेअरवरील १८ टक्के जीएसटी वजा मिळतो, हे वाक्य सर्वांना सारखे लागू नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टित व लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के कर आहे. सुटा तांदूळ करमुक्त आहे. ज्याची विक्री मुख्यतः करमुक्त, त्याला वजावटही त्या प्रमाणात सोडून द्यावी लागते. म्हणजे वर मांडलेले वर्षाचे १९,४४० रुपये एखाद्या मिलमालकाला जवळजवळ पूर्ण पदरचे पडतील, तर शेजारच्या हार्डवेअर विक्रेत्याला ते परत मिळतील. दोघांना एकच कोटेशन सारखेच स्वस्त नसते. प्राप्तिकरात वार्षिक वर्गणी त्या वर्षाचा महसुली खर्च होते. कायमचा परवाना मात्र भांडवली मालमत्ता ठरून संगणकाबरोबर ४० टक्के दराने घसाऱ्यात जातो. २०१७ पूर्वी हा दर ६० टक्के होता, आणि जुन्या सवयीने अजूनही तो काहींच्या तोंडी येतो.

मुदत संपलेली प्रणाली चालवीत राहण्याची किंमत बँकांनी चांगलीच ओळखली आहे. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपली, तरी देशातील पुष्कळ एटीएम तिच्यावरच चालत होती. अखेर रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने टप्पे ठरवून दिले आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम बदलण्यास सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१७ मध्ये, जगभर पसरलेल्या सायबर हल्ल्याने न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले होते. ज्या त्रुटीतून तो हल्ला पसरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. दुरुस्त्या बंद करून ठेवणाऱ्या तंत्रज्ञाच्या हवाली पेढीची सारी खातेवही, आणि तीही एकाच सर्व्हरवर, सोपविणे म्हणजे काय, हे या उदाहरणावरून ताडता येते. बारा मशीन असताना एक बिघडले तर अकरा चालतात.

मग ही मांडणी कोणाला परवडते? तीन-चार टेबलांच्या दुकानाला मुळीच नाही. त्याने जुनी मशीन टप्प्याटप्प्याने काढून विंडोज ११ सह पक्क्या बिलाची नवी घ्यावीत. त्या परवान्याला वार्षिक भाडे नाही. एकाच आवारात दहा-बारा टेबले असतील आणि काम मुख्यतः टॅलीचे असेल, तर दुसऱ्या प्रकारचा सर्व्हर विचार करण्याजोगा आहे. पहिला प्रकार, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र आभासी संगणक, या दोन जिल्ह्यांतील कौटुंबिक पेढीला क्वचितच लागतो. तो बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या कारखान्यांचा विषय आहे.

मोजणी कमी करण्याचा एक प्रामाणिक मार्गही उपलब्ध आहे. बाराही टेबलांना विंडोज लागते का, हे आधी पाहावे. गेटवरील आवक-जावक, पत्रव्यवहार, ई-मेल, जीएसटी आणि ई-वे बिलाची संकेतस्थळे ही कामे ब्राउझरवर होतात. ती लिनक्सवर विनापरवाना-शुल्क चालतात आणि जुन्या मशीनवर बरी चालतात. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली आणली. केरळमधील सरकारी शाळांचे संगणक वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर चालत आले आहेत. टॅलीला मात्र विंडोज लागते, आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लिनक्सवर ओळखले जाते की नाही, हे आधी तपासून घ्यावे लागते; कंपनी आणि एलएलपी यांना जीएसटीत त्याच स्वाक्षरीवाचून चालत नाही. उदाहरणातील पेढीत असे पाहिले तर बारापैकी पाच टेबले विंडोजवाचून सहज चालतील. उरलेल्या सातांचाच हिशेब करावा.

वडशाचे गोदाम राहिले. ते रेल्वेमार्गावरचे गाव असल्याने चंद्रपूरच्या सर्व्हरवर तेथून काम होऊ शकेल. परंतु ज्यांचा व्यवहार त्याही पलीकडे, अहेरी, सिरोंचा, भामरागड या बाजूला पसरला आहे, त्यांनी तेथील टेबल सर्व्हरला बांधू नये. पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा रस्ता बंद होतो. वीज आणि फोन यांचीही शाश्वती उरत नाही. सर्व्हरवरच्या टेबलाला जोडणी तुटली की पाटीसुद्धा दिसत नाही. स्वतःची हार्ड डिस्क असलेले मशीन निदान कालपर्यंतचा साठा दाखविते. तेथे ओईएम विंडोजचा एक स्वतंत्र लॅपटॉप, ज्याची बॅटरी चार तास टिकते, हाच योग्य. त्याचा हिशेब आठवड्याला मुख्य पेढीत चढवावा.

राहता राहिले कोटेशन. त्यावर विक्रेत्याकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: सर्व्हर-प्रणालीची आवृत्ती आणि कोअरसंख्या, दोन्ही प्रकारच्या कॅलची स्वतंत्र संख्या, माणसांच्या नावे की मशीनच्या हे नमूद करून, परवाने पेढीच्या नावाने नोंदले जातील व त्या खात्याचा पासवर्ड पेढीकडे राहील, आणि १२१ व्या दिवशी सर्व टेबले चालू असल्याचे पाहिल्यावरच शेवटचा हप्ता दिला जाईल. ही चौथी अट वाचून जो विक्रेता कोटेशन परत मागेल, त्याला ते आनंदाने परत करावे.